मर्यादित-घसरण डिफरन्शिअल आणि मोटारीची वळणावरील वर्तणूक : साध्या डिफरन्शिअलशी तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी फिरते. कोणाचेच अडत नाही, कारण ओढण्याचे काम बैल करतात आणि चाके केवळ भार वाहतात. मोटारीत परिस्थिती निराळी आहे. तेथे चाकांनाच वाहन पुढे ढकलावे लागते आणि त्यासाठी ती इंजिनाशी जोडावी लागतात. दोन चाके एकाच आसाला घट्ट जोडली तर वळण घेताना ती एकमेकांशी झगडतात. मोकळी सोडली तर त्यांच्यापर्यंत शक्ती पोहोचत नाही. या पेचातून निघालेला मार्ग म्हणजे डिफरन्शिअल. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाफेच्या गाडीसाठी अशी योजना मांडली आणि तिचे मूळ तत्त्व आजच्या मोटारीतही कायम आहे.

साध्या डिफरन्शिअलमध्ये एक उणीव आहे. एक चाक चिखलात किंवा बर्फावर घसरू लागले की कोरड्या जमिनीवरील दुसरे चाकही निष्प्रभ होते. ही उणीव दूर करण्यासाठी मर्यादित-घसरण डिफरन्शिअल, म्हणजेच ‘लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल’, विकसित झाले. ‘पकड वाढवणारे साधन’ अशी त्याची सर्वसाधारण ओळख आहे. ही ओळख अपुरी आहे. हे साधन टायरची पकड वाढवत नाही; उपलब्ध पकडीचा वापर कसा व्हावा हे ठरवते. त्यामुळे वळणावर वाहन कसे वागेल हेही ते ठरवते, आणि हा परिणाम प्रत्येक वेळी चालकाच्या बाजूचाच असतो असे नाही. प्रस्तुत लेखात या दोन प्रकारांच्या कार्यपद्धतीचे व वाहनाच्या हाताळणीवरील त्यांच्या परिणामांचे तुलनात्मक विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनाचे उद्देश

१) साध्या डिफरन्शिअलविषयी प्रचलित असलेल्या एका गैरसमजाचे निराकरण करणे.
२) मर्यादित-घसरण डिफरन्शिअलच्या प्रमुख प्रकारांची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
३) वळणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दोन्ही व्यवस्थांचे वाहनाच्या वर्तनावर होणारे परिणाम तपासणे.
४) इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या काळात या यांत्रिक साधनाचे स्थान निश्चित करणे.

साधे डिफरन्शिअल : गती वेगळी, टॉर्क समान

वळणावर दोन चाकांनी कापावयाच्या अंतरातील फरक किती असतो? दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असलेली मोटार पूर्ण वर्तुळात फिरली तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ९.४ मीटर अधिक चालते. लक्षणीय बाब अशी की हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक तेवढाच राहतो. कारण तो केवळ चाकांमधील अंतर आणि वाहन वळलेला कोन यांवर ठरतो. काटकोनातील प्रत्येक वळणावर हा फरक सुमारे २.३५ मीटर असतो. दोन चाके घट्ट जोडलेली असती तर एवढे अंतर कोणत्या तरी टायरला रस्त्यावर घासत काढावे लागले असते.

डिफरन्शिअलच्या पेटीत समोरासमोर दोन बाजूचे गिअर असतात व त्यांच्यामध्ये लहान पिनियन असतात. पेटीला इंजिनाकडून गती मिळते. दोन्ही चाकांची गती समान असताना पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत, पेटीबरोबर केवळ वाहून नेले जातात. वळणावर ते स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाची जेवढी गती कमी होते तेवढीच दुसऱ्याची वाढते. पेटीची गती ही नेहमी दोन चाकांच्या गतींची सरासरी असते.

येथेच गैरसमजाचे मूळ आहे. ‘साधे डिफरन्शिअल कमी पकड असलेल्या चाकाला सर्व जोर देते’ असे विधान अनेकदा केले जाते. प्रत्यक्षात पिनियन हा दोन्ही बाजूंना समान हात असलेल्या तराजूच्या दांडीसारखा असतो. अंतर्गत घर्षण दुर्लक्षिले तर तो दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. घसरणाऱ्या चाकाला टॉर्क जास्त मिळत नाही. उलट ते जेवढा टॉर्क पेलू शकते तेवढाच दुसऱ्या चाकालाही मिळतो. मात्र टॉर्क आणि शक्ती यांत फरक केला पाहिजे. शक्ती ही टॉर्क आणि कोनीय गती यांचा गुणाकार आहे. वाहन अडकून एक चाक स्थिर राहिले आणि दुसरे गरगर फिरले तर टॉर्क दोन्हीकडे समान असूनही सर्व शक्ती फिरणाऱ्या चाकात जाते. प्रचलित विधान शक्तीविषयी खरे आहे; टॉर्कविषयी नाही. चाके रस्त्याला किती जोराने ढकलतील हे टॉर्कवर ठरत असल्याने हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १२०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीचे एक चालक-चाक निसरड्यावर असून ते केवळ १०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकते, दुसरे कोरड्या रस्त्यावर असून ७०० न्यूटन-मीटर पेलू शकते, असे मानू. साध्या डिफरन्शिअलने दोघांना प्रत्येकी १०० म्हणजे एकूण २०० न्यूटन-मीटर मिळतील. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर ढकलणारे बल सुमारे ६६७ न्यूटन होते. दर २० मीटरला १ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर केवळ चढासाठी सुमारे ५९० न्यूटन व चाकांच्या लोटण-रोधासाठी आणखी सुमारे १७५ न्यूटन लागतील. मोटार चढणार नाही. कोरड्या चाकाची ७०० पैकी ६०० न्यूटन-मीटर क्षमता वापराविना पडून राहील.

मर्यादित-घसरण डिफरन्शिअल : उगम व प्रकार

शेतकऱ्याला या अडचणीवरचा एक उपाय फार पूर्वीपासून परिचित आहे. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात फिरू लागले की तो पायाशी असलेला डिफरन्शिअल लॉक दाबतो; दोन्ही चाके एकजीव होतात आणि ट्रॅक्टर बाहेर पडतो. लॉक लावून वळू नये हेही त्याला ठाऊक असते. रस्त्यावरील मोटारीला सतत वळावे लागत असल्याने तिला पूर्ण लॉक चालत नाही. तिला पूर्ण मोकळेपणा आणि पूर्ण बांधिलकी यांच्यामधील अवस्था हवी असते.

या शोधाला चालना मिळाली ती शर्यतीच्या क्षेत्रातून. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियन या जर्मन शर्यतीच्या मोटारींची शक्ती एवढी प्रचंड होती की ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगापर्यंत मागचे एक चाक घसरत राही. त्यामुळे झेडएफ या कंपनीकडून विशेष डिफरन्शिअल तयार करून घेण्यात आले. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॅकार्डसारख्या कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांच्या मोटारींतही अशी व्यवस्था उपलब्ध करून दिली.

कार्यतत्त्वानुसार याचे तीन प्रमुख यांत्रिक प्रकार करता येतात.

अ) क्लच-प्लेटचा प्रकार : यात बाजूच्या गिअरमागे घर्षणपट्ट्यांचे संच असतात. स्प्रिंगमुळे त्यांवर कायम थोडा दाब असतो. इंजिनाचा जोर वाढला की उतरत्या कडांवर सरकणाऱ्या आसामुळे हा दाब वाढतो. केवळ प्रवेगाच्या वेळी बांधणारा तो ‘वन-वे’, प्रवेग व मंदन या दोन्ही वेळी सारखाच बांधणारा तो ‘टू-वे’, आणि मंदनाच्या वेळी अंशतः बांधणारा तो ‘वन-पॉइंट-फाइव्ह-वे’ म्हणून ओळखला जातो. पट्ट्या झिजतात, योग्य मिश्रक असलेले तेल न वापरल्यास कमी वेगाच्या तीव्र वळणावर त्या धडधडतात.

आ) गिअरचा प्रकार : यात तिरप्या दात्यांच्या गिअरमधील घर्षणाचाच उपयोग केला जातो. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकी संशोधकाच्या कामातून पुढे आलेले ‘टॉर्सेन’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. हा प्रकार टॉर्कमधील फरकाला तत्काळ प्रतिसाद देतो व घर्षणपट्ट्यांसारखी झीज यात नसते. कमी पकड असलेल्या चाकाला मिळणाऱ्या टॉर्कच्या ठरावीक पटीपर्यंत टॉर्क तो दुसऱ्या चाकाला देऊ शकतो.

इ) द्रव-कपलिंगचा प्रकार : यात सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्या असतात. दोन चाकांच्या गतीत फरक पडला की द्रव विरोध करतो. हा प्रकार सौम्य आहे. मात्र घसरण सुरू झाल्यावरच तो जागा होतो. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दा एमएक्स-५ या मोटारीच्या १.६ लिटर आवृत्तीत हा प्रकार मिळत असे; पुढे १.८ लिटर आवृत्तीत त्याची जागा टॉर्सेनने घेतली.

वरील उदाहरणात टॉर्कचे गुणोत्तर ३ असलेले डिफरन्शिअल बसवल्यास निसरड्यावरील चाकाला १०० व कोरड्यावरील चाकाला ३००, असे एकूण ४०० न्यूटन-मीटर मिळतील. ढकलणारे बल सुमारे १,३३३ न्यूटन होईल आणि तीच मोटार तोच चढ सहज चढेल. परंतु एक चाक हवेत अधांतरी असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. गिअरचा प्रकार तेथे हतबल ठरतो. क्लच-प्लेटचा प्रकार मात्र स्प्रिंगच्या दाबाने मिळणारा टॉर्क तरी जमिनीवरील चाकाला देतो. ‘मर्यादित-घसरण’ या एकाच नावाखाली येणारी साधने समान नाहीत, हे यावरून लक्षात येते.

वळणावरील वर्तन

वळणावर वाहनाचा भार आतून बाहेरच्या बाजूस सरकतो. १२०० किलोग्रॅमची मोटार, गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर, चाकांमधील अंतर १.५ मीटर आणि पार्श्विक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट असेल तर सुमारे २४० किलोग्रॅम-भार एवढे स्थलांतर होते. आतल्या बाजूवर ३६० व बाहेरच्या बाजूवर ८४० किलोग्रॅम-भार पडतो. म्हणजे आतल्या चालक-चाकाकडे बाहेरच्याच्या निम्म्याहूनही कमी भार, आणि म्हणून निम्म्याच्या आसपासच पकड असते. या असमान स्थितीत साधे डिफरन्शिअल समान टॉर्क देत राहते.

याच्या जोडीला एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. टायरची पकड ही एकच शिल्लक आहे. ती पुढे ढकलण्यासाठी खर्च झाली तर वळवण्यासाठी कमी उरते. या दोन सूत्रांच्या आधारे वळणाचे तीन टप्पे तपासता येतात.

१) वळणात शिरताना : चालक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये इंजिनाचा रोध दोन्ही चाकांवर समान पडतो आणि वाहन वळण्यास मोकळे राहते. मंदनाच्या वेळीही बांधणाऱ्या डिफरन्शिअलमध्ये मात्र जलद फिरणाऱ्या बाहेरच्या चाकावर अधिक रोध येतो व आतल्या चाकावर कमी. परिणामी वाहनाला वळणाच्या विरुद्ध दिशेने पीळ बसतो. वाहन स्थिर वाटते, पण नाक वळवण्यास नाखूष होते. या प्रवृत्तीला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात.

२) वळणाच्या मध्यावर : अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेला असतो व आतले चाक अद्याप बाहेरच्यापेक्षा हळू फिरत असते. बांधणारी यंत्रणा नेहमी जलद चाकाकडून मंद चाकाकडे टॉर्क नेते. त्यामुळे या टप्प्यावर आतल्या चाकाला जास्त टॉर्क मिळतो आणि वाहन पुन्हा सरळ जाऊ पाहते. मर्यादित-घसरण डिफरन्शिअल असलेले वाहन ‘अधिक चांगले वळते’ हा समज या टप्प्यावर खोटा ठरतो.

३) वळणातून बाहेर पडताना : चालक जोर देतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये हलके झालेले आतले चाक घसरू लागते आणि एकूण जोर त्याच्या क्षमतेच्या दुपटीवर अडतो. बांधणारे डिफरन्शिअल असल्यास आतल्या चाकाची गती बाहेरच्यापेक्षा वाढू लागताच चित्र उलटते. आता जलद चाक आतले असते. टॉर्क बाहेरच्या चाकाकडे जातो आणि वाहनाला वळणाच्या दिशेनेच पीळ बसतो. शर्यतीतील चालकाला हवी असते ती नेमकी हीच अवस्था.

हा पीळ वाहनाच्या रचनेनुसार निराळे फळ देतो. पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत जोर देताच नाक बाहेर ढकलले जाण्याची प्रवृत्ती असते. तेथे हा पीळ नाक आत खेचतो. होंडाच्या इंटेग्रा टाइप-आर सारख्या मोटारींत गिअरच्या प्रकारचे डिफरन्शिअल वापरण्यात आले ते याच कारणाने. त्याची किंमत मात्र सुकाणूला द्यावी लागते. दोन पुढच्या चाकांवर असमान टॉर्क आला की सुकाणू हातात ओढ घेतो, आणि रस्त्याची एक बाजू ओली असेल तर ती ओढ अधिक जाणवते.

मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत प्रश्न अधिक गंभीर होतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये अतिरिक्त जोर दिला तरी बहुधा आतले एकच चाक घसरते. बाहेरचे, अधिक भार असलेले चाक मागचा भाग जागेवर धरून ठेवते. विजेच्या जोडणीतील फ्यूजप्रमाणे आतले चाक आधी हार मानते आणि अनर्थ टाळते. मर्यादित-घसरण डिफरन्शिअल हा फ्यूज काढून टाकते. बाहेरच्या चाकाचीही शिल्लक पुढे ढकलण्यात खर्च होते. मर्यादा ओलांडली की दोन्ही मागील चाके एकदम घसरतात आणि वाहनाची शेपटी बाहेर फेकली जाते. या अवस्थेस ‘ओव्हरस्टिअर’ म्हणतात. कोरड्या शर्यतमार्गावर निष्णात चालक तिचा उपयोग करून घेतो. पावसाने ओल्या झालेल्या घाटवळणावर, बेसावध चालकाच्या हाती, तीच अवस्था जिवावर बेतू शकते.

सरळ रस्त्यावरही हा भेद उरतो. एक बाजू कोरडी व दुसरी निसरडी असताना साधे डिफरन्शिअल कमी जोराने, पण सरळ ढकलते. मर्यादित-घसरण डिफरन्शिअल अधिक जोराने ढकलते, परंतु कोरड्या बाजूच्या चाकाचा जोर जास्त असल्याने वाहन निसरड्या बाजूकडे वळू पाहते.

या विवेचनाची दुसरी टोकाची कसोटी म्हणजे डिफरन्शिअल नसलेली गो-कार्ट. तिची मागील दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. ती वळू शकते याचे कारण असे की सुकाणू फिरवताच तिच्या सांगाड्याची रचना व लवचीकता यांमुळे आतले मागील चाक किंचित उचलले जाते. जेथे चाके मोकळी करता येत नाहीत तेथे एका चाकाला जमीन सोडावी लागते.

इलेक्ट्रॉनिक पर्याय

चाकांची गती मोजणारे संवेदक आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावणारी यंत्रणा उपलब्ध झाल्यावर एक निराळा मार्ग खुला झाला. डिफरन्शिअल साधेच ठेवायचे आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा. समान टॉर्काचा नियम येथे कामी येतो. पूर्वीच्या उदाहरणात निसरड्यावरील चाकाला ३०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लावला तर त्या बाजूस एकूण ४०० पेलले जातात, म्हणून कोरड्या चाकालाही ४०० मिळतात. रस्त्यावर ५०० न्यूटन-मीटर पोहोचतात. परंतु त्यासाठी ८०० पुरवावे लागतात व उरलेला भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. अल्पकाळासाठी ही पद्धत उत्तम व स्वस्त आहे. दीर्घ चढावर किंवा सलग शर्यतीत ब्रेक तापतात आणि यंत्रणेला माघार घ्यावी लागते.

नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीत ब्रेकवर आधारित व्यवस्था आणि मागील आसासाठी यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल या दोहोंचाही उपयोग करण्यात आला, तर पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनात पुढील व मागील आसांना चालकाने स्वतः लावावयाचे लॉक देण्यात आले. ही साधने मर्यादित-घसरण डिफरन्शिअलची भावंडे असली तरी त्यांचे प्रयोजन वेगळे आहे. ती कमी वेगात, खडकाळ वा चिखलाच्या वाटेवर अडकलेले वाहन बाहेर काढण्यासाठी असतात. वेगाने वळण घेण्यासाठी नव्हे. हाताने लावलेला लॉक डांबरी रस्त्यावर तसाच राहिला तर वाहन वळण्यास विरोध करते, टायर घासतात आणि आसांवर अनावश्यक ताण येतो.

निष्कर्ष

१) साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना समान टॉर्क देते. घसरणाऱ्या चाकाकडे शक्ती जाते, अधिक टॉर्क नव्हे.
२) मर्यादित-घसरण डिफरन्शिअल टायरची पकड वाढवत नाही, अधिक पकड असलेल्या चाकाची पडून राहिलेली क्षमता वापरात आणते.
३) त्याचा वळणावरील परिणाम एकसारखा नसतो. आतले चाक हळू फिरत असेपर्यंत तो वळण्यास विरोध करतो. आतले चाक घसरू लागल्यावर वळण्यास साहाय्य करतो.
४) मागील चाकांवर चालणाऱ्या वाहनात हे साधन वेगाची मर्यादा वाढवते, पण मर्यादा ओलांडण्याची शिक्षाही वाढवते.
५) दैनंदिन वापराच्या मोटारीस साधे डिफरन्शिअल व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांची जोड बहुतांशी पुरेशी ठरते. सातत्याने जोर लागणाऱ्या वापरासाठी यांत्रिक व्यवस्थेचे महत्त्व कायम आहे.

समारोप

अभियांत्रिकीतील बहुतेक सुधारणा म्हणजे एका अडचणीच्या बदल्यात दुसरी, अधिक सोसण्याजोगी अडचण पत्करणे असते. साध्या डिफरन्शिअलने वळण्याचे स्वातंत्र्य दिले व पकडीचा बळी दिला. मर्यादित-घसरण डिफरन्शिअलने पकड परत मिळवली आणि त्या स्वातंत्र्याचा काही अंश परत घेतला. विद्यार्थ्यांना हे साधन शिकवताना केवळ त्याच्या गुणांची यादी देण्याऐवजी ही देवघेव समजावून देणे अगत्याचे आहे. एका वाहनावर कमावलेली सवय चालक दुसऱ्या वाहनावर तशीच वापरतो. सुटणारे चाक एक आहे की दोन, याची त्याला आधीच जाण असणे यावर ओल्या वळणावर पुष्कळ काही अवलंबून असते.